मद्याचा पेला आणि विद्यापीठाची सनद

प्रत्येक विद्यापीठाच्या नियमपुस्तकात अगदी शेवटी एक प्रकरण असते. ते सहसा कोणी वाचत नाही. वसतिगृहात मद्य आणू नये, अमली पदार्थ बाळगू नयेत, रात्री गोंगाट करू नये, नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना छळू नये. यांपैकी काही केल्यास दंड होईल, निलंबन होईल, प्रसंगी नाव काढून टाकण्यात येईल. प्रवेशाच्या धांदलीत विद्यार्थी त्या कागदावर सही करतो, शेजारी पालकांची सही होते आणि कागद कपाटात जातो. हे प्रकरण म्हणजे विद्येच्या मंदिरात नाइलाजाने ठेवावी लागणारी केरसुणी, अशीच बहुतेकांची समजूत असते.

इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही. पुस्तकात शेवटी छापले जाणारे हे प्रकरण विद्यापीठांच्या चरित्रात अगदी आरंभी येते. ज्या सनदांच्या बळावर युरोपातली जुनी विद्यापीठे आपल्या पायांवर उभी राहिली, त्यांतील काही थोर सनदांच्या मुळाशी दारूच्या गुत्त्यातली मारामारी आहे. चमत्कृती साधावी म्हणून मी हे लिहीत नाही. पॅरिस आणि ऑक्सफर्ड या दोन नगरांची कथा क्रमाने सांगितली म्हणजे वाचकांनाच ते पटेल.

बाराव्या शतकाच्या अखेरीचे पॅरिस डोळ्यांपुढे आणावे. विद्यापीठ म्हणावे अशी इमारत नाही, मैदान नाही, कचेरी नाही. आचार्य भाड्याच्या खोलीत शिकवीत आणि शिष्य भाड्याच्या खोलीत राहत. इंग्लंड, जर्मनी, इटली अशा दूरदूरच्या मुलखांतून आलेली ही तरुण मुले आपसांत लॅटिन बोलत. धर्मसंस्थेच्या दृष्टीने ती धर्मसेवकांच्या वर्गात मोडत, म्हणून त्यांचा न्याय चर्चच्या न्यायालयात व्हावा असा त्यांचा दावा असे. गावकऱ्यांना ही मुले हवीही असत आणि नकोशीही वाटत. हवी, कारण खोलीचे भाडे, पाव आणि द्राक्षासव यांचे गिऱ्हाईक तेच. नकोशी, कारण ती परकी, उद्धट आणि गावच्या कायद्याच्या हाती न लागणारी. द्राक्षासव तिथे जेवणातले नित्याचे पेय होते. ते पिण्याला कोणाचीच हरकत नव्हती. भांडणे होत ती त्याच्या किमतीवरून आणि प्रतीवरून.

सन १२०० मध्ये एका खानदानी जर्मन विद्यार्थ्याचा नोकर द्राक्षासव आणायला गुत्त्यात गेला. तिथे त्याला मारहाण झाली आणि त्याचे भांडे फोडले गेले. हे कळताच जर्मन विद्यार्थी धावून गेले आणि त्यांनी गुत्तेवाल्याला अर्धमेला केला. तेव्हा नगराचा राजाधिकारी, आपल्याकडच्या भाषेत कोतवाल, हत्यारबंद नागरिक घेऊन जर्मन विद्यार्थ्यांच्या बिऱ्हाडावर चालून गेला. त्या झटापटीत काही विद्यार्थी ठार झाले. आचार्य मंडळी राजा फिलिप ऑगस्टस याच्यापुढे उभी राहिली. राजाला खरी धास्ती होती ती ही मंडळी नगर सोडून जातील याची. त्याने कोतवालाला तुरुंगात टाकले आणि एक सनद दिली. विद्यार्थ्याला पकडावे लागले तर त्याला चर्चच्या न्यायाच्या हवाली करावे, आणि नव्या कोतवालाने अधिकारावर येताना विद्यार्थ्यांच्या सभेपुढे तशी शपथ घ्यावी, असे तिने ठरवून दिले.

या प्रसंगातली एक गोष्ट इंग्लिश बखरकार हॉव्हडेनचा रॉजर याने नोंदून ठेवली आहे, आणि मला ती सनदेहूनही मोलाची वाटते. कोतवाल तुरुंगात पडल्यावर विद्यार्थ्यांनाच त्याची दया आली. त्यांनी राजाला विनंती केली की, या माणसाला आणि त्याच्या साथीदारांना आमच्या शाळेत आणून, शाळेच्या रीतीप्रमाणे छड्या माराव्यात आणि सोडून द्यावे. राजाने ती मान्य केली नाही. विनंती वरवर पोरकट दिसते. परंतु तिच्यात दंडाच्या दोन जातींमधला भेद स्पष्ट दिसतो. राजाचा दंड माणसाला संपवितो. शाळेचा दंड दुखवितो, लाजवितो आणि पुन्हा बाकावर बसवितो. विद्यार्थ्यांना ठाऊक असलेली शिक्षा ही दुसऱ्या जातीची होती, आणि आपल्या वैऱ्यालाही तीच मिळावी असे त्यांना वाटले.

पुढे एकोणतीस वर्षांनी याच नाटकाचा मोठा प्रयोग झाला. १२२९ सालच्या उपवासपर्वाच्या आधीचे उत्सवाचे दिवस होते. पॅरिसच्या वेशीबाहेर सँ-मार्सेल या उपनगरात काही विद्यार्थी फिरायला गेले आणि तिथल्या एका गुत्त्यात त्यांना उत्तम, गोड द्राक्षासव मिळाले. पैसे चुकवताना किमतीवरून बोलाचाली झाली, मग थपडा आणि झिंज्या. आसपासच्या लोकांनी गुत्तेवाल्याची बाजू घेऊन पोरांना झोडपून काढले. दुसऱ्या दिवशी ही मुले मित्रांची टोळी जमवून, तलवारी आणि सोटे घेऊन आली. त्यांनी गुत्ता फोडला, भांडी उलथून टाकली आणि वाटेत जो भेटेल त्याला बडविले.

तक्रार राज्यकारभार पाहणाऱ्या राणी ब्लांशकडे गेली. तिचा मुलगा नववा लुई त्या वेळी अल्पवयीन होता. राणीने रागाच्या भरात हुकूम सोडला, आणि कोतवालाचे भाडोत्री शिपाई नगराबाहेर खेळत असलेल्या विद्यार्थ्यांवर तुटून पडले. खेळणाऱ्या त्या मुलांचा गुत्त्यातल्या दंग्याशी काही संबंध नव्हता. त्यांतली काही प्राणास मुकली.

आचार्यांनी पाठ बंद केले. न्याय मिळाला नाही तर सहा वर्षे पॅरिसमध्ये शिकवणे बंद, असा त्यांनी निर्धार जाहीर केला आणि ते खरोखरच निघून गेले. इमारत नव्हती म्हणून कुलूप लावायचीही गरज पडली नाही. पोथ्या बांधल्या की विद्यापीठ उठले! कोणी ऑर्लेआंला गेले, कोणी आंजेला, कोणी तुलूझला. इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने त्यांना आपल्या राज्यात बोलावणे धाडले. तुलूझच्या नव्या विद्यापीठाने तर पॅरिसमध्ये ज्यांवर बंदी आहे ते अ‍ॅरिस्टॉटलचे ग्रंथ आमच्याकडे मोकळेपणी ऐकायला मिळतील, अशी जाहिरातच केली.

दोन वर्षांच्या ओढाताणीनंतर पोप नववा ग्रेगरी मध्ये पडला. १३ एप्रिल १२३१ रोजी त्याने काढलेले आज्ञापत्र त्याच्या आरंभीच्या शब्दांवरून 'पारेन्स स्किएन्तिआरुम', म्हणजे 'विद्यांची जननी', या नावाने ओळखले जाते. पॅरिस विद्यापीठाचे ते स्वातंत्र्यपत्रच म्हटले जाते. पाठ केव्हा आणि कसे द्यावेत, पोशाख कोणता असावा, खोल्यांचे भाडे किती असावे, मृतांचे संस्कार कसे व्हावेत, याचे नियम विद्यापीठाने स्वतः करावेत; कोणी ते मोडले तर त्याला स्वतः शासन करावे; आणि विद्यापीठावर मोठा अन्याय झाला व पंधरा दिवसांत त्याचे निवारण झाले नाही, तर पाठ बंद ठेवावेत, असे हक्क त्यात दिले आहेत. आजच्या भाषेत यालाच आपण स्वायत्तता म्हणतो.

परंतु त्याच आज्ञापत्रात या हक्कांची किंमतही लिहिलेली आहे, आणि स्वायत्ततेचा जयघोष करणारे तेवढाच भाग गाळून वाचतात. विद्यार्थ्यांनी नगरातून शस्त्रे घेऊन हिंडू नये. शांतता आणि अध्ययन यांचा भंग करणाऱ्याला विद्यापीठाने पाठीशी घालू नये. आणि जो विद्यार्थी म्हणून मिरवतो, पण पाठाला जात नाही आणि ज्याला कोणी आचार्य नाही, त्याला विद्यार्थ्याचे संरक्षण मिळू नये. शेवटचे कलम मला फार अर्थपूर्ण वाटते. विद्यार्थी कोण, तर ज्याला गुरू आहे तो. त्याच्या संरक्षणाचा उगम त्याच्या वयात नाही, पोशाखात नाही, तर कोणीतरी त्याच्याबद्दल उत्तरदायी आहे या गोष्टीत आहे.

ही किंमत चुकती न करता हक्क उपभोगले म्हणजे काय होते, हे ऑक्सफर्डच्या कथेत दिसते. १० फेब्रुवारी १३५५, सेंट स्कोलास्टिकाचा दिवस. गावाच्या मध्यावर, कारफॅक्स चौकात, स्विंडलस्टॉक नावाचा गुत्ता होता. तिथे दोन विद्यार्थ्यांनी मद्य वाईट आहे अशी तक्रार केली. गुत्तेवाल्याने उर्मट उत्तर दिले, आणि विद्यार्थ्यांनी भांडे त्याच्या डोक्यात घातले. गावकऱ्यांनी सेंट मार्टिनच्या चर्चची घंटा वाजवून आपली माणसे जमविली. विद्यापीठाने सेंट मेरीची घंटा वाजवून आपली. पुढे आसपासच्या खेड्यांतून लोक काळे निशाण घेऊन गावात शिरले. तीन दिवसांच्या त्या रणधुमाळीत त्रेसष्ट विद्यार्थी मेल्याची परंपरागत नोंद आहे. गावकरीही तीसच्या आसपास पडले.

तिसऱ्या एडवर्ड राजाने निकाल दिला तो विद्यापीठाच्या बाजूने. गावातल्या पावाचे आणि मद्याचे भाव व प्रत तपासणे, वजने-मापे पाहणे, हे अधिकार विद्यापीठाच्या प्रमुखाकडे गेले. म्हणजे मद्य वाईट आहे म्हणून भांडे फेकणाऱ्यांच्या संस्थेच्याच हाती मद्याची परीक्षा आली! शिवाय नगराध्यक्षाने साठ नागरिकांसह दर वर्षी त्या दिवशी चर्चमध्ये यावे आणि प्रत्येकाने एकेक पेनी अर्पण करावी, असे प्रायश्चित्त ठरले. ते शतकानुशतके चालले. १८२५ साली एका नगराध्यक्षाने जायला साफ नकार दिला, तेव्हा ते थांबले. पुढे १० फेब्रुवारी १९५५ रोजी, दंगलीला सहाशे वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, विद्यापीठाने नगराध्यक्षाला सन्माननीय पदवी दिली आणि नगराने कुलगुरूंना नागरिकत्वाचा मान दिला. एका पेल्याचे भांडण मिटायला सहा शतके लागली.

ही दीर्घ कटुता नुसत्या दंगलीतून आलेली नाही. गावकऱ्यांच्या मनात सलत होते ते असे की, त्यांच्या पोराने खून केला तर तो फासावर जातो आणि विद्यापीठाच्या पोराने केला तर तो प्रायश्चित्त घेऊन सुटतो. ही तक्रार पुष्कळ अंशी खरी होती. आपल्या माणसाला आपण शासन करू, असे म्हणणारी संस्था जेव्हा शासन करीतच नाही, तेव्हा तिचा हक्क हा गुन्हेगाराचा आडोसा होतो.

विद्यापीठांना हे उमगत गेले, तसतसे नियम बारीक होत गेले. त्यांतील काही वाचताना हसू आवरत नाही. पंधराव्या शतकात जर्मनीतल्या लाइप्झिग विद्यापीठाने आचार्यांवर दगड फेकण्याच्या गुन्ह्याची प्रतवारी लावली होती. दगड नुसता उचलला तर अमुक दंड, फेकला पण लागला नाही तर त्याहून अधिक, आणि लागला तर सर्वांत भारी! नियम करणाऱ्यांना तिन्ही प्रकारांचा अनुभव असला पाहिजे, हे उघड आहे. सॉर्बोनमध्ये बेशिस्तीचा दंड रोकड पैशांऐवजी द्राक्षासवाच्या मापांत घेत, आणि ते सर्वांनी मिळून प्यावयाचे असे. मद्य हा तिथे गुन्हा नव्हता, शिक्षेचे चलन होते.

नवागतांच्या छळाचा नियमही असाच जुना आहे. पॅरिसमध्ये नव्या विद्यार्थ्याला 'पिवळ्या चोचीचा', म्हणजे पाखराचे पिल्लू, असे म्हणत. त्याच्याकडून पैसे उकळून मेजवान्या झोडण्याविरुद्ध चौदाव्या शतकातच त्या विद्यापीठाला नियम करावे लागले. आपल्याकडे महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले ते २००९ साली. पिवळ्या चोचीच्या पिल्लाला सहाशे वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले, असेच म्हटले पाहिजे.

जर्मन विद्यापीठांनी तर स्वतःचे तुरुंगच बांधले. हायडेलबर्गचा विद्यार्थी-तुरुंग आजही पाहावयास मिळतो. १७७८ पासून १९१४ पर्यंत तो वापरात होता. रात्रीचा गोंधळ, झिंगून केलेली दांडगाई, शिपायाचा अपमान अशा गुन्ह्यांसाठी तिथे काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत कोंडून ठेवीत, मात्र पाठाला जाण्याची मुभा असे. गंमत अशी की, पुढे पुढे तिथे एकदा तरी जाऊन येणे हे विद्यार्थ्यांना भूषण वाटू लागले. त्यांनी भिंतींवर आपली नावे आणि चित्रे रंगवून ठेवली आहेत. शिक्षेतली लाज गेली म्हणजे शिक्षा सहल होते, हा धडा शिस्तप्रिय मंडळींनी त्या भिंतींवरून वाचावा.

अमली पदार्थांचा इतिहास मात्र वेगळा आणि अलीकडचा आहे. अफूविषयी आत्मकथन लिहून गाजलेला इंग्लिश लेखक डी क्विन्सी १८०४ साली ऑक्सफर्डचा विद्यार्थी असतानाच अफू घेऊ लागला. लंडनच्या औषधविक्रेत्याकडे ती उघड मिळे. १८६८ च्या कायद्याने तिच्या विक्रीवर इंग्लंडात काही बंधने आली. १९६३ साली अमेरिकेत हार्वर्डने रिचर्ड अल्पर्ट या मानसशास्त्राच्या अध्यापकाला एका पदवीपूर्व विद्यार्थ्याला चित्तभ्रम घडविणारे द्रव्य दिल्यावरून काढून टाकले. इथे विद्यार्थ्याला वाट दाखविणाराच त्या वाटेवर घेऊन गेला होता. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने ही गोष्ट विद्यापीठाच्या दंडाच्या पलीकडे, न्यायालयाच्या कक्षेत नेली. ती तिथेच असावी. विष विकणाऱ्याशी गुरुशिष्यनाते मानता येत नाही.

आपल्या इकडे विद्यापीठे आली तीच निराळ्या साच्याची. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडनच्या धर्तीवर निघाले. आरंभी ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकविणे, राहणे, वागणे हे सारे महाविद्यालयांकडे. त्यामुळे शिस्तीचा अधिकार प्राचार्यांच्या हाती राहिला, आणि परक्या राजवटीत त्या अधिकाराची कसोटी लागली. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी केल्याबद्दल फर्ग्युसनचे विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले. प्राचार्य होते रँग्लर परांजपे. टिळकांनी 'केसरी'तून या शिक्षेवर टीका केली. अमेरिकेत १९६० साली, वर्णभेदाविरुद्ध उपाहारगृहात ठिय्या दिला म्हणून अलाबामाच्या एका सरकारी महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना काढून टाकले. तेव्हा म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय असे काढता येणार नाही, असा निकाल १९६१ साली तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने दिला. 'शांततेचा भंग' हे शब्द फार लवचीक आहेत. त्यांत झिंगलेला दांडगाही मावतो आणि जागा झालेला तरुणही मावतो. दोघांना एकाच मापाने मोजणारा प्राचार्य कोतवालाचेच काम करीत असतो.

माझ्या नोकरीत काही वर्षे मी वसतिगृहाच्या शिस्त समितीवर होतो. समितीपुढे येणारी प्रकरणे बहुधा एकाच घाटाची असत: परीक्षा संपल्याची रात्र, गच्ची, बाटली, मोठमोठ्याने गाणी आणि रखवालदाराशी हुज्जत. एका वर्षी अशाच प्रकरणात माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "अहो, आपण मास्तर माणसे. हे पोलिसांचे काम. त्यांच्या हवाली करा आणि मोकळे व्हा." मुलाचे वडील एस.टी.ने रात्रभर प्रवास करून आले होते. ते बाहेरच्या बाकावर ताठ बसून होते. आत आल्यावर त्यांनी एवढेच सांगितले, "साहेब, तुम्ही त्याला काय शिक्षा करायची ती करा. पर चौकीचं तोंड दावू नका." सन १२०० मधली ती विनंती माझ्या मनात त्या क्षणी उभी राहिली. आम्ही मुलाला एक सत्र वसतिगृहाबाहेर ठेवले, रखवालदाराची क्षमा मागायला लावली, आणि परीक्षेला बसू दिले. सहकाऱ्यांना ते मिळमिळीत वाटले. मला ते पुरेसे कठोर वाटले. कारण त्या सत्रात दर शनिवारी त्याला माझ्यापुढे येऊन बसावे लागे, आणि त्यापेक्षा चौकी परवडली असे तो मित्रांना सांगत असे.

या प्रश्नाची आपल्या परंपरेतली जुनी कथा जातकांत आहे. काशीचा राजपुत्र तक्षशिलेला शिकत असतो. नदीवर जाता-येता एका म्हातारीने वाळत घातलेल्या तिळांतली मूठभर तो उचलतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. म्हातारी आक्रोश करते. ती तिळांची किंमत मागत नाही; याने पुन्हा असे करू नये एवढेच मागते. आचार्य राजपुत्राला धरवून पाठीवर वेताचे तीन तडाखे देतात. राजा झाल्यावर तो त्याचा सूड घ्यायला आचार्यांना बोलावून घेतो. तेव्हा आचार्य शांतपणे त्याला समजावतात की, त्या दिवशी तुला अडवले नसते तर तू तिळांवरून मिठाईवर, मिठाईवरून घरफोडीवर गेला असतास, आणि मुद्देमालासह राजापुढे उभा राहिला असतास. राजाला ते पटते. छडीचे दिवस गेले, ते गेले हे बरेच झाले. कथेतला विचार मात्र गेलेला नाही. गुरूने वेळेवर केलेले छोटे शासन राजाच्या मोठ्या शासनापासून वाचविते. आणि म्हातारीचे ऐकून घेणे हा त्या शासनाचाच भाग आहे.

म्हणून नियमपुस्तकातले ते शेवटचे प्रकरण मला केरसुणीसारखे वाटत नाही. ते एक वचन आहे. विद्यापीठ समाजाला सांगते की, ही तरुण मुले चुकतील तेव्हा प्रथम आम्ही त्यांना आवरू, दुखावलेल्यांना न्याय देऊ, आणि कोणाच्या जिवावर बेतले तर त्यांना पाठीशी घालणार नाही. तुम्ही मात्र आमच्या दाराशी शिपाई उभा करू नका. हे वचन पाळायचे तर चुकणारे मूल कोणीतरी नावाने ओळखत असले पाहिजे. हजारोंच्या वर्गात, हजेरीच्या यंत्रापुढे, ज्याला एकही अध्यापक ओळखत नाही असा मुलगा किंवा मुलगी आज आपल्या महाविद्यालयांत काही थोडी नाही. १२३१ च्या आज्ञापत्राने विचारले असते, यांचा आचार्य कोण? त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तर नियम कितीही कडक केले तरी शेवटी दाराशी येणार तो कोतवालच.